ट्रेडिंग बॉटमधून मार्जिन मोड (सौद्याचा तोटा कुठल्या पैशांतून भरायचा ती सेटिंग) आयसोलेटेड (फक्त त्या सौद्याला लावलेल्या मार्जिनमधून, म्हणजे तारणातून) करताना 'बदलायची गरज नाही' असा एरर येऊन बॉट बंद पडतो. अशा एररकडे दुर्लक्ष केलं तर चालेल का?

हा एक एरर सोडून दिलात तर चालेल, पण फक्त हाच एक. तुम्ही लिहिलंय की मोड बदलणाऱ्या ओळीभोवती ट्राय-एक्सेप्ट (एरर पकडणारा कोड) घालून कुठलाही एरर आला तरी बॉट पुढे जाऊ द्यायचा विचार आहे. तेवढं मात्र करू नका. मी नेमकं तेच केलं होतं आणि ते महागात पडलं.

तुम्ही पायथनमध्ये सीसीएक्सटी (क्रिप्टो एक्सचेंजशी बोलणारी लायब्ररी) वापरून बायनान्स या एक्सचेंजच्या यूएसडीटी फ्युचर्सवर बॉट चालवताय, म्हणून त्याच अंगाने सांगतो. तिथे मार्जिन मोड प्रत्येक सिम्बॉलसाठी (ट्रेड होणाऱ्या जोडीसाठी) वेगळा असतो आणि तो एक्सचेंजच्या बाजूला साठवलेला राहतो. बॉट बंद करून पुन्हा सुरू केला तरी काल लावलेला आयसोलेटेड आज तसाच असतो. म्हणून दुसऱ्या दिवशी तीच विनंती पाठवली की उणे ४०४६ हा कोड येतो. दिसायला एरर असला तरी त्याचा अर्थ 'हवं ते आधीच झालंय' इतकाच.

पण त्याच दारातून आणखी दोन कोड येतात. उणे ४०४७ म्हणजे त्या सिम्बॉलवर ऑर्डर प्रलंबित आहे, मोड बदलता येणार नाही. उणे ४०४८ म्हणजे पोझिशन (चालू सौदा) उघडी आहे, मोड बदलता येणार नाही. या दोन्ही वेळी तुम्ही मागितलेलं झालेलं नसतं. सरसकट एक्सेप्टमध्ये हे तिन्ही कोड एकाच टोपलीत पडतात आणि बॉटला वाटतं, काम झालं.

माझ्या बाबतीत एक जुनी लिमिट ऑर्डर (ठरावीक भाव आला तरच पूर्ण होणारी) बाजारापासून खूप लांब पडून राहिली होती. तिच्यामुळे मोड क्रॉसच (तोटा वॉलेटमधल्या सगळ्या शिल्लकीतून भरला जातो तो) राहिला आणि माझ्या कोडने तो एरर गिळला. बॉटची सगळी रचना आयसोलेटेड धरून केली होती. 'जास्तीत जास्त जाईल ते लावलेलं मार्जिन' या भरवशावर मी स्टॉप-लॉससुद्धा (तोटा ठरावीक पातळीला गेला की सौदा बंद करणारी ऑर्डर) ठेवला नव्हता. पोझिशन उलटी गेली आणि नुकसान मार्जिनच्या रकमेवर थांबलंच नाही, फ्युचर्स वॉलेटमधली शिल्लक खात गेलं. लॉगमध्ये एक ओळसुद्धा नव्हती, कारण ती लिहायची सोय मीच केली नव्हती.

आकड्यांत बघा. वॉलेटमध्ये २००० यूएसडीटी आहेत. १०० यूएसडीटी मार्जिन आणि १० पट लिव्हरेज लावून १००० ची लाँग पोझिशन घेतली. आयसोलेटेडमध्ये भाव १० टक्क्यांच्या थोडं अलीकडेच पडला की लिक्विडेशन होतं (एक्सचेंज पोझिशन जबरदस्तीने बंद करतं), कारण मेंटेनन्स मार्जिन (पोझिशन चालू ठेवायला लागणारं किमान तारण) राखावं लागतं. उरलेल्या १९०० ला धक्का लागत नाही. क्रॉसमध्ये तीच पोझिशन १० टक्क्यांवर मरत नाही. भाव ३० टक्के पडला तरी ती जिवंत असते, ३०० चा तोटा अंगावर घेऊन, आणि त्याच शिल्लकीवर उभ्या असलेल्या बाकीच्या पोझिशन्सचा आधार काढून घेत. क्रॉस वाईट आहे असं मी म्हणत नाही. हेजिंग करणाऱ्याला (एका पोझिशनचा धोका दुसरीने झाकणाऱ्याला) तोच सोयीचा पडतो. पण बॉटला एक वाटतंय आणि खात्यावर दुसरंच आहे, ही अवस्था दोन्हींपेक्षा वाईट.

म्हणून मोड लावून झाल्यावर तो परत वाचा. सीसीएक्सटीमध्ये सेट मार्जिन मोडच्या जोडीला फेच मार्जिन मोड आहे. वाचलेलं उत्तर आयसोलेटेड नसेल तर त्या सिम्बॉलवर ऑर्डर टाकायचीच नाही, स्वतःला मेसेज पाठवायचा आणि थांबायचं. ही तपासणी मला सेटिंगपेक्षाही महत्त्वाची वाटते, कारण एररचे कोड उद्या बदलू शकतात, खात्यावरची स्थिती मात्र विचारली की कळते.

बॉट सुरू होतानाचा क्रम असा ठेवा: आधी उघड्या पोझिशन्स आणि प्रलंबित ऑर्डर्स बघा, मग मार्जिन मोड, मग लिव्हरेज, मग परत वाचन. लिव्हरेज ही वेगळी सेटिंग आहे, मोड बदलला म्हणजे तीही तुमच्या मनासारखी झाली असं समजू नका. सिम्बॉल लिहिताना विसर्गासारख्या दिसणाऱ्या चिन्हापुढचं सेटलमेंटचं चलन गाळू नका. 'बीटीसी/यूएसडीटी' हा स्पॉटचा (थेट खरेदी-विक्रीचा) सिम्बॉल झाला, पर्पेच्युअलचा (मुदत नसलेल्या फ्युचर्सचा) 'बीटीसी/यूएसडीटी:यूएसडीटी'. आणि खात्यावर मल्टी-अ‍ॅसेट मोड (अनेक चलनं एकत्र मार्जिन म्हणून वापरण्याची सोय) चालू असेल तर आयसोलेटेड लागतच नाही, तो आधी बंद करावा लागतो. ही गोष्ट कोडमध्ये शोधत बसलात तर सापडणार नाही, ती खात्याच्या सेटिंगमध्ये आहे.

पुढे एक्सचेंज बदललंत तर हाच कोड जसाच्या तसा चालेल असं धरू नका. ओकेएक्स या एक्सचेंजवर क्रॉस की आयसोलेटेड हे प्रत्येक ऑर्डरबरोबरच सांगावं लागतं. बायबिटच्या युनिफाइड खात्यात मोड सिम्बॉलला नव्हे, अख्ख्या खात्याला लागू होतो, म्हणजे एका बॉटने बदललेला मोड त्याच खात्यावरच्या दुसऱ्या बॉटलाही भोगावा लागतो. हे सगळं हाताने लिहायचं नसेल तर फ्रीकट्रेड हा तयार ट्रेडिंग बॉट बघा. त्यात मार्जिन मोड कॉन्फिग फाइलमध्येच लिहितात. पण बायनान्सवर त्यालाही वन-वे पोझिशन मोड (एका सिम्बॉलवर एकाच दिशेची पोझिशन) आणि सिंगल-अ‍ॅसेट मोड तुम्ही आधी हाताने लावून द्यावे लागतात.

खरे पैसे लावण्याआधी खोट्या पैशांच्या डेमो ट्रेडिंग खात्यावर एक चाचणी नक्की करा. एका सिम्बॉलवर मोड क्रॉस ठेवा, बाजारभावापासून लांब एक लिमिट ऑर्डर टाकून ठेवा आणि मग बॉट सुरू करा. बॉट तिथेच थांबला आणि का थांबला हे लॉगमध्ये दिसलं, तर तुमचा कोड बरोबर आहे. काहीच न बोलता तो पुढे ट्रेड करायला लागला, तर ती एक्सेप्टची ओळ अजून तशीच आहे.