आधी नहाणी, मग शोकेस

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही सिंहगड रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर रीसेलचा वन-बीएचके घेतला. इमारत १९९१ची, कार्पेट ४६० चौरस फूट. घरात आम्ही दोघं, चार वर्षांची मुलगी आणि सासूबाई. मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली सगळं भागवून हातात साडेतीन लाख उरलेत. एका इंटिरिअरवाल्यांनी ८ लाख ४० हजारांचं कोटेशन दिलंय (सोबत जोडलंय). मिस्टर म्हणतात, पाच लाखांचं पर्सनल लोन काढू, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. माझं मन धजत नाही. मोझॅकच्या फरश्या जुनाट दिसतात, ओट्याशी वाकून पाठ दुखते, बेडरूमच्या एका भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत पोपडे आलेत. सासूबाईंना साताऱ्याची सागवानी कॉट इथे आणायचीच आहे. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत राहायला जायचंय. काय करू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : कोटेशन मी चहा घेता घेता वाचलं आणि चहा गार झाला. मॉड्युलर किचन २ लाख ६०, दोन वॉर्डरोब २ लाख १०, फॉल्स सीलिंग ९५ हजार, टीव्ही युनिट ८५, बॉक्स बेड ७०, वॉलपेपर आणि टेक्श्चर ६८, सेफ्टी डोअर ३०, बाथरूमचा आरसा आणि शॉवर २२. बेरीज बरोबर आहे. पण तीसहून जास्त वर्षांच्या घरात नळाच्या पाइपची एक ओळ नाही, वायरिंगची नाही, वॉटरप्रूफिंगची तर नाहीच. तुमच्या पोपडे आलेल्या भिंतीवर पेन्सिलने ‘वॉलपेपर’ लिहिलंय. पत्राबरोबरच्या कच्च्या नकाशात त्याच भिंतीपलीकडे तुमची नहाणी आहे, हे त्यांनी पाहिलं कसं नाही? ओल्या जखमेवर टिकली लावण्यातला प्रकार आहे हा. पहिल्या पावसाळ्यात तो कागद केळीच्या सालीसारखा सुटून येईल.

हे मी ठसक्यात सांगते, कारण हा शहाणपणा मला फुकट मिळालेला नाही. १९९३ साली आम्ही कर्वेनगरला तिसऱ्या मजल्यावर पहिलं घर घेतलं, तेही जुनंच. मी तेव्हा एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समनचं काम करत होते, म्हणजे निदान मला तरी कळायला हवं होतं. पण हॉलभर भिंतीला शोकेस केली. काचा, आत दिवे, मागे आरसा, वर सासूबाईंची पितळी समई. अठरा हजार गेले. बाथरूम ‘पुढच्या वर्षी बघू’. दिवाळीला माहेरची, सासरची मिळून नऊ माणसं. नरक चतुर्दशीला पहाटे चारपासून एकेकाची अंघोळ. सहाच्या सुमारास बेल वाजली. दारात खालच्या काकू. ओरडल्या नाहीत, काही नाही. नुसता चकलीचा डबा पुढे केला. वरच्या चकल्यांवर चुन्याचं पांढरट पाणी साचलेलं, आणि डब्यात थेंब पडल्याच्या गोल खुणा. मी आमच्या चकल्या त्यांना द्यायला लागले तर म्हणाल्या, ‘राहू दे, तुमच्याकडे पाहुणे आहेत.’ जानेवारीत भावाकडून उसने घेऊन अख्खी नहाणी फोडली, आणि तितके दिवस पाच जणांची अंघोळ शेजारच्यांकडे. शोकेसमधल्या दिव्यांची बटणं त्यानंतर फारशी कुणी दाबली नाहीत.

तर पहिला खर्च नहाणी आणि संडासाचा. जुने लोखंडी पाइप आतून गंजून अरुंद होतात, ते काढा; त्याजागी प्लास्टिकचे घाला, गरम पाण्याला सीपीव्हीसी, थंडाला यूपीव्हीसी चालेल. फरशी फोडल्यावर नहाणी ट्रॅपचा, म्हणजे पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याचा, सांधा स्वतः वाकून बघा. जुन्या इमारतींत बहुतेक गळती तिथेच, पाइप आणि स्लॅबच्या मधल्या फटीत असते. वॉटरप्रूफिंगवाला विटांच्या तुकड्यांचा कोबा करील, केमिकल लावील, ‘काकू, गॅरंटी’ म्हणेल. तुम्ही फक्त एक करा : ट्रॅपच्या तोंडात चिंध्या कोंबून वरून सिमेंटने बंद करायला सांगा, चार इंच पाणी भरा, भिंतीवर पाण्याच्या रेषेला खडूची खूण करा आणि ४८ तास दार लावून ठेवा. खालच्यांना आधी सांगून ठेवा, रोज एकदा त्यांच्या छताकडे बघून या. पाणी केसभर उतरलं तर उन्हाळ्यात चालायचंच, बोटभर उतरलं तर पुन्हा उकरायचं. टाइल्स त्यानंतर. मिस्त्री घाई करतोच, कारण दोन दिवस त्याचा माणूस बसून राहतो. त्या दोन दिवसांत त्याला वायरिंगच्या झिऱ्या, म्हणजे भिंतीतल्या खाचा, मारायला लावा.

पोपड्याच्या भिंतीचं प्लास्टर विटांपर्यंत काढा आणि नहाणीचं काम झाल्यावर महिनाभर तशीच उघडी वाळू द्या. बेडरूमचा बाकी रंग झाला तरी ती थांबली पाहिजे. राहायला जाताना ती भिंत उघडी दिसेल. दिसू दे.

दुसरा खर्च विजेचा. १९९१च्या घरात चिनी मातीचे कटआऊट, म्हणजे जुने फ्यूज असतील, तर ते काढून एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की आपोआप पडणारी बटणं बसवा, आणि घरात लहान मूल आहे म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवाच. ओल्या हाताने शॉक बसला तर तो क्षणात वीज तोडतो. दिव्या-पंख्याला दीडची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची) तांब्याची वायर, प्लगला अडीचची, गीझर आणि पुढे कधी एसी घ्याल त्याला चारची. वायरमनला नुसतं ‘चांगली वायर टाका’ म्हणू नका, हे आकडे कागदावर लिहून सही घ्या. आणि पॉइंट कुठे हवेत ते नकाशावर ठरवू नका. रिकाम्या स्वयंपाकघरात उभ्या राहा, खोटाखोटा चहा करा, मिक्सर लावा, डबा भरा. हात जिथे जाईल तिथे खडूने फुली. सासूबाईंनाही करायला लावा. त्यांची फुली वेगळ्या जागी पडेल आणि तीच बरोबर असेल. बटणं, प्लग घ्यायला तपकीर गल्लीत, पुण्याच्या विजेच्या सामानाच्या बाजारात, एक चक्कर मारा, घराजवळच्या दुकानापेक्षा फरक पडतो. बुधवारी-रविवारी गेलात तर परतताना जुना बाजारही होईल. माझं जेवणाचं टेबल तिथलंच आहे, सव्वीस वर्षं झाली.

ओटा. पाठ दुखते म्हणता, तर उंची तुमच्या कोपराने ठरवायची. सरळ उभं राहून कोपर दुमडा, त्याच्या चार-पाच इंच खाली ओट्याचा पृष्ठभाग यायला हवा. पाच फूट एक-दोन इंच उंचीच्या बाईला साधारण ३३ इंच येतात. मिस्त्री त्याच्या सवयीने करून मोकळा होईल, म्हणून भिंतीवर रेघ तुम्हीच मारा. ओट्यावर ग्रॅनाइट, खाली कडाप्प्याच्या उभ्या फळ्या आणि त्यांत स्टीलच्या ट्रॉल्या. हे आता कुणी फॅशनेबल मानत नाही. पण कडाप्पा सिंकखाली फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही, आणि ट्रॉल्या दोन-दोन करून वर्षभरात घेता येतात. तोवर पुढे पडदा लावा. आमच्या आयांनी लावलाच होता. पुढे कधी दारं करायची झाली तर प्लायवर ‘आयएस ७१०’ हा शिक्का आहे का बघा, पाण्याजवळ तोच. साध्या प्लायवर ‘आयएस ३०३’ असतं, तो कोरड्या खोलीत पुरतो. शिक्का प्लाय कापायच्या आधी बघायचा. सनमायका चढल्यावर सगळे प्लाय सारखेच दिसतात.

फरश्या काढू नका! मोझॅक जुनाट दिसतो कारण त्यावर तीस वर्षांचा मेण आणि फिनेल बसलाय. आधी एक रुपयाच्या नाण्याने खोलीभर ठोकत जा. ठणठणीत आवाज आला तर फरशी धरून आहे, भदभद वाजली तर ती खालून सुटलीय. अशा पाच-दहा निघाल्या तर तेवढ्याच पुन्हा बसवा आणि सगळ्याला मशीन पॉलिश मारून घ्या. त्याचा चिखल भिंतीवर हातभर उडतो, म्हणून रंगाचा शेवटचा हात पॉलिशनंतर. ‘टाइलवर टाइल’ कुणी सुचवलं तर विचारा, सगळी दारं खालून कापायचे पैसे कोण देणार? शिवाय जुन्या स्लॅबवर तेवढं ओझं कशाला?

आता हिशेब. आकडे ठोकळ आहेत, माझ्या ओळखीच्या मिस्त्रींच्या दरांचे. नहाणी-संडास १ लाख २०, वायरिंग ६५ हजार, ओटा-सिंक-टाइल्स ४०, पॉलिश धरून रंग ४०, खिडक्यांची दुरुस्ती आणि डासांच्या जाळ्या १५. झाले २ लाख ८०. पस्तीस हजार बाजूला ठेवा आणि कुणाला सांगू नका, नवऱ्यालाही. जुन्या घरात भिंत फोडली की काहीतरी निघतंच. उरलेल्या पस्तिसात चार ट्रॉल्या आणि पंखे. पंखे बीएलडीसीचे घ्या. जुना पंखा पाऊणशे वॅट खातो, हा तिशीच्या आसपास.

आणि कर्ज? पाच लाख १३ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलेत तर हप्ता ११,३७६ रुपये, आणि फेड जवळपास ६ लाख ८३ हजारांची. घराच्या हप्त्यावर हा हप्ता. टीव्ही युनिटसाठी! मिस्टरांना हा आकडा वाचून दाखवा. त्यांचं ‘एकदाच काय ते’ मला कळतं, धूळ आणि मिस्त्री कुणाला दोनदा नको असतात. पण फोडाफोडीच तेवढी एकदा करायची असते. लाकूडकाम राहत्या घरातही होतं. अगदीच अडलं तर पर्सनल लोनआधी घराच्या कर्जावर टॉप-अप, म्हणजे त्याच कर्जात वाढीव रक्कम, मिळतो का ते बँकेत विचारा, त्याचा दर बहुधा कमी असतो.

फॉल्स सीलिंगबद्दल मी काही बोलत नाही. ४६० फुटांच्या घरात आहे ती उंची तरी राहू द्या.

सासूबाईंची कॉट मात्र आणा, आणि कौतुकाने आणा. सागवानी असेल तर पाय, बाजूच्या पट्ट्या सुट्या होतात, जिन्यातून चढते. निघायच्या आधी साताऱ्यातच दोन दिवस कडक उन्हात ठेवा आणि सांध्यांत उकळतं पाणी ओता. ढेकूण ही एकच गोष्ट आहे जी मी कुठल्याही घरात फुकट नेणार नाही. मग पॉलिश पेपर मारून चपड्याच्या लाखेचं स्पिरिट पॉलिश, एका दिवसाचं काम. तुमच्याकडे लग्नातलं लोखंडी कपाट असेलच; ते गॅरेजवाल्याकडून गाडीच्या रंगाने स्प्रे करून घ्या. वॉर्डरोबचे दोन लाख दहा हजार निदान तीन वर्षं पुढे गेले.

काम सुरू करायच्या आधी सोसायटीला लेखी अर्ज द्या, डिपॉझिट भरा, डेब्रिज कधी आणि कुठून उतरवायचं ते विचारून घ्या. कॉलम-बीमला हात नाही. आणि झिऱ्या बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. पुढे घड्याळाचा खिळा ठोकताना पाइप कुठे आहे ते कळतं.

प्रश्न : नाशिकला नवा टू-बीएचके मिळालाय, बांधकामाचं काहीच नाही. हॉल १० बाय १५. ‘एल’ आकाराचा सोफा हप्त्याने घ्यावा का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी रद्दी काढा. सोफ्याच्या मापाचे कागद चिकटवून हॉलमध्ये जमिनीवर अंथरा आणि आठ दिवस त्यांच्या कडेकडेने चाला. बाल्कनीत जाताना कागदावर पाय पडला की उत्तर मिळालं. एल आकाराच्या कोपऱ्यात कुणी बसत नाही, तिथे धुतलेल्या कपड्यांचा ढीग बसतो. मला विचाराल तर खाली सामानाचा कप्पा असलेला सहा फुटी दिवाण आणि दोन सुट्या खुर्च्या. गादी कापसाची करून घेतलीत तर पिंजाऱ्याकडून काही वर्षांनी पुन्हा पिंजून मिळते. आणि काहीही घ्या, लिफ्टच्या दाराचं माप खिशात ठेवून दुकानात जा.

प्रश्न : काम मटेरियलसह द्यावं की नुसत्या मजुरीवर?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : वॉटरप्रूफिंग मटेरियलसह आणि लेखी हमीवर, नाहीतर गळल्यावर तो मालाला नावं ठेवील आणि दुकानदार त्याला. रंग, वायर, नळ तुम्ही आणून द्या. सुतारकाम मटेरियलसह दिलंत तर दर चौरस फुटाचा की रनिंग फुटाचा (नुसत्या लांबीचा), आणि मोजणार समोरून की आतल्या फळ्यांसकट, हे आधी ठरवा. भांडणं तिथेच होतात. ॲडव्हान्स दहा टक्के, पुढचे पैसे काम बघून, आणि शेवटचे दहा टक्के सगळी दारं दहा वेळा उघडून-लावून बघितल्यावर.