अल्बममधली कार्डं आणि ट्रंकेतलं हँडबिल

प्रश्न : मुलगा क्रिकेटची कार्डं जमवतो. तुम्ही मात्र कुस्तीच्या जुन्या कागदांचंच कौतुक करता. असं का?
– एक पालक, राजारामपुरी

उत्तर : जमवू दे त्याला, नजर तयार होते. पण आजची कार्डं मुळात जपण्यासाठीच छापतात. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बेसबॉलची कार्डं भरमसाठ छापली गेली, लोकांनीही ती जिवापाड जपली. आज त्यांतल्या बहुतेकांना कुणी विचारत नाही. उलट होनस वॅगनर या बेसबॉलपटूचं १९०९ ते १९११च्या काळातलं कार्ड सिगारेटच्या पाकिटातून यायचं. थोडीच निघाली, त्यातली थोडीच उरली; म्हणून त्याला लाखो डॉलर मिळतात.

आपल्याकडचं कुस्ती मैदानाचं हँडबिल, म्हणजे जाहिरातीचा छापील कागद, तर कुस्त्या झाल्या की रद्दीतच जायचं. शाहू महाराजांनी उभारलेलं कोल्हापूरचं खासबाग हे कुस्तीचं मैदान १९१२चं. तिथल्या मैदानाचं जुनं हँडबिल हाती आलं तर सावकाश वाचा: कुणाची जोड कुणाशी, पैलवान कुठल्या तालमीचा, इनाम किती. कार्डावर नामवंतांनाच जागा मिळते. हँडबिलावर मात्र पुढे गावी जाऊन शेती बघणारा पोरगाही असतो, आणि त्याच्या कुस्तीचा तेवढाच एक छापील पुरावा उरलेला असू शकतो. मला ओढ आहे ती त्याची.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत असा कागद सापडलाय. लॅमिनेट करू का?
– शिवाजी पेठ

उत्तर : अजिबात नको! ते पुन्हा सुटत नाही. सेलोटेपही लावू नका, त्याचे पिवळे डाग जात नाहीत. आम्लविरहित कागदात सपाट ठेवा, उन्हापासून दूर. कोल्हापूरचा पावसाळा लक्षात घेऊन डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. आणि कागद कुणाचा, घरात कसा आला, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून वेगळ्या चिठ्ठीवर लिहा. आजोबा खाशाबा जाधवांच्या वेळचे असतील, म्हणजे १९५२च्या हेलसिंकीच्या कांस्यपदकाच्या आसपासचे, तर नावं नीट तपासा, त्यांत खाशाबांचंही असू शकेल. खाशाबा इथल्याच राजाराम कॉलेजचे विद्यार्थी.

प्रश्न : विकणारा ‘१९३०चं’ म्हणतो. खरं कसं ओळखायचं?
– गंगावेस

उत्तर : अंधारात अतिनील टॉर्च मारा. कागद निळसर पांढरा चमकला तर घेऊ नका. तशी चमक आणणारी रसायनं कागदात साधारण १९५०च्या सुमारास आली. मग मागून बोट फिरवा. धातूच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापलेल्या मजकुराचा दाब बऱ्याचदा पाठीमागे जाणवतो, झेरॉक्सचा कधीच नाही.