घास अडकेल म्हणून जेवणच बंद

"मॅडम, पोरगी नुसतं दूध नि पेज पिते, घास तोंडात धरून बसते, नाटकं करतेय का हो?" असं विचारणारे आईबाबा माझ्याकडे बरेच येतात, म्हणून ही एक केस सांगते.

सातवीतली मुलगी. जेवताना हसता हसता शेंगदाणा लागला, जोरात ठसका, श्वास कोंडला, आई पाठीत थापट्या मारतेय, शेवटी दाणा बाहेर पडला. पण त्या दिवसापासून पोळी बंद, भात चघळून चघळून परत ताटात काढायची. वजन उतरलं होतं म्हणून मी आधी ईएनटीकडे, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, ते कधीच टाळू नका, खरंच काही अडत असेल तर आधी ते कळायला हवं. रिपोर्ट नॉर्मल आले.

तिला "काही होत नाही गं" म्हणून उपयोग नव्हता, कारण एकदा झालं होतं ना! मी म्हटलं, कंठावर बोट ठेव आणि आवंढा गिळ. कंठ टुणकन वर गेला. म्हटलं बघ, त्याच क्षणी श्वासनळीचं तोंड झाकलं गेलं, श्वासही क्षणभर थांबला, हे झोपेतसुद्धा आपोआप होतं. हसताना श्वास आत ओढला गेला म्हणून दाणा वाट चुकला, आणि ठसका आला तो तुला वाचवायलाच.

ती मान वर ताणून गिळायची, घास खाली पडला पाहिजे म्हणे. खरं तर त्याने श्वासनळी जास्त उघडी राहते आणि गिळणं अवघड होतं. मग तिच्या आजोळच्या गाईचं विचारलं. रवंथ करताना मानेतून गोळा वर चढताना दिसतो, चावून झालं की परत खाली जातो, तिने हे कितीदा पाहिलेलं! म्हणजे घास पडत नाही, अन्ननळीचे स्नायू ढकलतात. आपली नळी जेमतेम २५ सेंटीमीटर, आठ-दहा सेकंदात घास पोटात. हे ऐकून तिने पहिल्यांदा खांदे सैल सोडले.

घरच्यांना सांगितलं, ओरडणं बंद, ताटाकडे टक लावून बघणं बंद, भीतीने तोंड कोरडं पडतं आणि कोरडा घास सरकत नाही. आधी ताकभात, मग वरणभात, मग दुधात कुस्करलेली पोळी, प्रत्येक पायरीला आठवडा लागला तरी चालेल. मधे एकदा सगळं सोडून परत पेजेवर आली, आई रडली, पण आम्ही तिथूनच पुन्हा सुरू केलं.

परवा आईचा मेसेज आला, पोळीभाजी दोन्ही वेळा खाते, शेंगदाण्याला अजून हात लावत नाही. मी लिहिलं, राहू दे, तिची ती मागेल.