पडसादातली साद

सावंतवाडीच्या एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांच्या वाडीतल्या पाडेल्याची, म्हणजे नारळ पाडणाऱ्याची, टाच माडावरून उतरताना दुखावली. एमआरआय केला, तेव्हा टाचेमागची जाड शीर, म्हणजे कंडरा, चित्रात काळी दिसली आणि निरोगी कंडराही अशीच काळी दिसते असे डॉक्टरांनी सांगितले. अशा अवयवांसाठी निघालेल्या तंत्राविषयी वाचताना त्यांना ‘अतिलघु प्रतिध्वनी काल’ (इंग्रजीत ‘अल्ट्राशॉर्ट एको टाइम’) हा शब्द भेटला. येथे ‘प्रतिध्वनी’ योग्य की ‘पडसाद’, असा त्यांचा प्रश्न आहे.

‘प्रतिध्वनी’ मुळीच नको. त्या यंत्रातली ठकठक ऐकून बाहेर आलेला माणूस ‘आवाजाने फोटो काढला’ असे सांगत सुटतो आणि असल्या भाषांतराने तो गैरसमज पक्का होतो. ती ठकठक चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदलणाऱ्या वेटोळ्यांच्या हादऱ्यांची असते; चित्र तिच्यातून घडत नाही. प्रतिध्वनीवर चालते ती सोनोग्राफी. एमआरआयमध्ये शरीरातल्या हायड्रोजनच्या केंद्रकांना रेडिओलहरींचा ठोका देतात आणि त्यांच्याकडून येणारा क्षीण संकेत टिपतात.

‘पडसाद’ मात्र मन लावून पाहावा असा शब्द आहे. काही जण त्याची फोड ‘पडलेला साद’ अशी करतात आणि ‘पडसाद पडले’ असे बेधडक लिहितात. ही फोड साफ चुकीची आहे. पाडेली हा शब्द ‘पाडणे’ यातून आला आणि ते क्रियापद ‘पडणे’ याचेच रूप. पडसादातल्या ‘पड’चा त्या कुळाशी काही संबंध नाही. संस्कृत ‘प्रति’ प्राकृतात ‘पडि’ झाला आणि मराठीत ‘पड’ होऊन राहिला. प्रतिच्छायेची पडछाया झाली, प्रतिजिह्वेची पडजीभ झाली, प्रतिपदेचा पाडवा झाला. तसाच ‘शब्द’ प्राकृतात ‘सद्द’ आणि मराठीत ‘साद’ झाला. म्हणजे पडसाद हा अक्षरशः ‘प्रतिशब्द’ आहे. खाडीच्या अलीकडे उभे राहून पलीकडच्या होडीवाल्याला हाक मारावी. तोंडातून निघाली ती साद, आणि समोरच्या कड्यावर आपटून क्षणभराने परत आला तो पडसाद.

भौतिकशास्त्रात नेमकी हीच जोडी आहे. भौतिकशास्त्रज्ञ एर्विन हान यांनी 1950 साली दाखवून दिले की पहिल्या ठोक्यानंतर संकेत विरून गेला, तरी ठरावीक अंतराने दुसरा ठोका दिल्यास तेवढ्याच अंतराने तो पुन्हा उभा राहतो. हा खरा पडसाद होय, आणि ‘घटनेचे पडसाद उमटले’ असे आपण रोज म्हणत असल्यामुळे या शब्दाला आता आवाजाची अट उरलेली नाही.

परंतु कंडरेचे पाणी कोलॅजेन या प्रथिनाच्या घट्ट धाग्यांत अडकलेले असते, त्यामुळे तिचा संकेत काही मिलिसेकंदांतच ओसरतो. हाडाच्या कठीण कवचाचा तर एका मिलिसेकंदाच्याही आत. नेहमीच्या तपासणीत संकेत टिपेपर्यंत बहुधा 10 मिलिसेकंद किंवा त्याहून अधिक वेळ गेलेला असतो. ओसरण्याचा काल 2 मिलिसेकंद धरला, तर तोवर मूळ संकेताचा शंभरावा हिस्साही उरत नाही, आणि म्हणून ती शीर काळी दिसते. नवे तंत्र पडसादाची वाटच पाहत नाही. ठोका संपताच यंत्र क्षणार्धात प्रक्षेपण थांबवून ऐकू लागते आणि 0.1 मिलिसेकंदाच्याही आत पहिलाच संकेत पकडते. इंग्रजी नावात ‘एको’ असला, तरी या पद्धतीत पडसाद घडतच नाही. घडते ती नुसती साद. इंग्रजीला हा भेद एका उपसर्गाने दाखवता येत नाही, आपल्याला येतो. ‘पड’ गाळला की शब्दही अचूक होतो आणि शास्त्रही.

म्हणून माझ्या मते दुसऱ्या ठोक्याच्या नेहमीच्या पद्धतीसाठी ‘पडसादकाल’ आणि या तंत्रासाठी ‘अतिलघु सादकाल’ असे लिहावे. लिंगाकडेही लक्ष असावे, कारण आजच्या मराठीत साद स्त्रीलिंगी आहे आणि पडसाद पुल्लिंगी: कंडरेचा पडसाद मिळाला नाही, तिची साद मिळाली.