इंग्रजी ‘रिअफर्म’ (reaffirm) म्हणजे ‘पुनरुच्चार करणे’च ना? मग ‘रिइटरेट’ (reiterate) आणि त्यात फरक काय?

नाही. बहुतेक कोशांत दोन्ही शब्दांसमोर ‘पुनरुच्चार करणे’ असं छापलेलं असतं आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. ‘रिइटरेट’ हे तोंडाचं काम आहे, ‘रिअफर्म’ हे भूमिकेचं. तीच सूचना चार वेळा दिली तर ती ‘रिइटरेट’ झाली. त्या सूचनेवर तुमचा स्वतःचा विश्वास असायलाच हवा असं काही नाही. ‘रिअफर्म’ मात्र विश्वास, बांधिलकी, पाठिंबा, धोरण अशाच गोष्टी होतात, आणि त्यात ‘हे आजही माझं मत आहे’ हे गृहीत असतं.

शब्द फोडून पाहा. लॅटिन ‘फिर्मुस’ म्हणजे घट्ट, भक्कम. त्यावरून ‘अफर्म’ म्हणजे भक्कम करणं, ठामपणे सांगणं. ‘रिइटरेट’मधला ‘इटर’ आला ‘इटेरुम’वरून, ज्याचा अर्थच मुळी ‘पुन्हा’. म्हणजे त्या शब्दात ‘पुन्हा’ दोनदा आहे आणि ‘ठाम’ एकदाही नाही. आपल्याकडे भाषांतर करणारे ‘रिअफर्म’मधल्या ‘री’ला चिकटतात आणि ‘फर्म’ सोडून देतात. धरायचं ते ‘फर्म’ला.

‘शेवटी पुन्हा बोललंच जातं ना, मग पुनरुच्चारात काय चुकलं?’ हा युक्तिवाद मी इतक्या वेळा ऐकलाय की त्याचं उत्तर एकदा सविस्तर लिहूनच टाकतो.

पतमानांकनाचं, म्हणजे कर्ज फेडण्याच्या क्षमतेला दिलेल्या अक्षरी श्रेणीचं, उदाहरण घ्या. मानांकन संस्था एखाद्या कंपनीच्या कर्जाचं मानांकन ठरावीक काळाने तपासतात. निकाल साधारण तीन प्रकारचा लागतो: वर नेलं, खाली आणलं किंवा ‘रिअफर्म्ड’. या तिसऱ्याचा अर्थ काय? ताळेबंद, रोख प्रवाह, देणी हे सगळं नव्याने पाहिलं आणि जुनं मानांकन बदलण्याचं कारण सापडलं नाही. आता लिहा, ‘संस्थेने कंपनीच्या मानांकनाचा पुनरुच्चार केला’. वाचणाऱ्याला वाटेल, कोणीतरी उभं राहून जुनंच अक्षर मोठ्याने वाचून दाखवलं. मराठीत इथे एकच सरळ शब्द बसतो: मानांकन ‘कायम ठेवलं’. वरच्या कोर्टाने खालच्या कोर्टाचा निकाल ‘अफर्म’ केला की आपण सहज लिहितो, ‘निकाल कायम ठेवला’. तिथे कोणाला उच्चार आठवत नाही. मग ‘री’ लागल्याबरोबर ‘कायम’ पळून का जावं?

दुसरं उदाहरण अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्यातलं. तिथे ‘रिअफर्मेशन अॅग्रीमेंट’ नावाचा करार असतो. दिवाळखोरीत जे कर्ज माफ होऊन गेलं असतं ते ‘मी फेडेनच’ असं कर्जदार लिहून देतो, बऱ्याचदा गाडी हातची जाऊ नये म्हणून. एकदा सही केली की त्या कर्जाची जबाबदारी पुन्हा अंगावर. मन बदललं तर कर्जमाफीचा आदेश होईपर्यंत किंवा करार कोर्टात दाखल झाल्यापासून 60 दिवसांपर्यंत, यातलं जे नंतर येईल तोवर, माघार घेता येते. नुसत्या पुनरुच्चारातून कोणी माघार घेण्याची मुदत ठेवेल का?

तिसरं, आणि विश्वासाच्या बाबतीत सगळ्यात बोलकं. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर 26 जून 1945 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत सह्या झाल्या. तिच्या उद्देशिकेत मूलभूत मानवी हक्कांवरची श्रद्धा ‘रिअफर्म’ करण्याचा निर्धार आहे. जपानशी युद्ध तेव्हा संपलेलंही नव्हतं. मुद्दा त्या श्रद्धेचं एखादं जुनं वाक्य परत म्हणण्याचा नव्हताच. जी श्रद्धा दोन महायुद्धांनी खिळखिळी केली ती पुन्हा घट्ट रोवायची होती. 10 डिसेंबर 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातही हाच शब्द येतो: सनदेत आम्ही ही श्रद्धा ‘रिअफर्म’ केली आहे. तिथे ‘पुनरुच्चार’ घालून बघा, वाक्यातली हवाच जाते.

याच संस्थेच्या ठरावांत आणखी एक बारकावा दिसतो. ठरावांच्या प्रास्ताविकात परिच्छेद ‘रिकॉलिंग’, ‘रिअफर्मिंग’ अशा शब्दांनी सुरू होतात. ‘रिकॉलिंग’ म्हणजे त्या जुन्या ठरावाची नोंद घेतली, आठवण ठेवली. ‘रिअफर्मिंग’ म्हणजे तो ठराव आजही आमची भूमिका आहे. दहशतवादावरचा सुरक्षा परिषदेचा 2001 चा ठराव 1373 उघडा. तो सुरूच होतो आधीचे दोन ठराव, 1269 आणि 1368, ‘रिअफर्म’ करून. पुढे स्वसंरक्षणाच्या हक्कालाही तेच क्रियापद आहे. मसुदा करणारे या एका क्रियापदावर घासाघीस करतात ती उगाच नाही.

आता वापराचं बोलू. शब्दाला कर्म लागतंच, आणि ते थेट लागतं: ‘रिअफर्म’ काय, तर ‘कमिटमेंट’, ‘सपोर्ट’, ‘फेथ’, ‘बिलीफ’, ‘पोझिशन’. किंवा मागे ‘दॅट’ लावून पूर्ण वाक्य. मराठीतल्या ‘बद्दल’मुळे आपला हात ‘अबाउट’कडे जातो. ‘रिअफर्म्ड अबाउट हिज सपोर्ट’ हे चूक. माणूस कर्म म्हणून सहसा चालत नाही. कोणाला धीर किंवा खात्री द्यायची असेल तर ‘रिअॅश्युअर’. ‘रिअफर्म अगेन’ही नको, तिसऱ्यांदा करत असाल तर गोष्ट वेगळी. आघात शेवटच्या ‘फर्म’वर. स्पेलिंगमध्ये एफ दोन, आणि लोक नेमका त्यातलाच एक खातात.

सगळ्यात मोठी चूक मात्र व्याकरणाची नाही. आधी कधी न सांगितलेली गोष्ट ‘रिअफर्म’ करता येत नाही. पहिल्यांदा सांगत असाल तर ‘अफर्म’, ‘डिक्लेअर’, नाहीतर साधं ‘स्टेट’. तसंच भूमिका थोडी जरी सरकली असेल तर हा शब्द लावणं म्हणजे वाचणाऱ्याच्या डोळ्यांत धूळ. तिथे ‘रिव्हाइज’ किंवा ‘क्लॅरिफाय’ लिहा.

शेजारचे शब्द भराभर. तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत मांडली तर ‘रिस्टेट’. तिकीट, तारीख, वेळ पक्की आहे का ते पुन्हा पाहिलं तर ‘रिकन्फर्म’. हातातून निसटू पाहणारा हक्क किंवा अधिकार पुन्हा बजावला तर ‘रिअसर्ट’. विश्वास जाहीरपणे सोडला तर ‘रिकँट’; नेमका विरुद्धार्थी हवा असेल तर हाच. ‘प्रोफेस’ जपून वापरा, त्यात ‘म्हणतो खरा, पण आहे का?’ असा वास येऊ शकतो. आणि आरशासमोर रोज म्हणायची सकारात्मक वाक्यं म्हणजे ‘अफर्मेशन्स’, त्यांना ‘री’ नको.

मराठीत करताना माझा क्रम असा: निर्णय किंवा मानांकन असेल तर ‘कायम ठेवणे’. मत किंवा धोरण असेल तर ‘ठाम असल्याचं सांगणे’. वचन किंवा पाठिंबा असेल तर ‘पुन्हा ग्वाही देणे’. श्रद्धा असेल तर ‘पुन्हा दृढ करणे’. राज्यघटनेच्या मराठी अनुवादात शपथेच्या नमुन्यातल्या ‘अफर्म’ला ‘दृढकथन’ हा शब्द आहे, त्यातलं ‘दृढ’ अगदी योग्य जागी पडलंय. ‘दुजोरा देणे’ मात्र साफ चूक, कारण दुजोरा दुसऱ्याच्या म्हणण्याला देतात, स्वतःच्या नव्हे.

आता थोडं मागे येतो, नाहीतर कोणीतरी पकडेलच. दोन देशांच्या संयुक्त निवेदनात ‘रिअफर्म्ड’ पुष्कळदा निव्वळ सवयीने पडतं. कोणी काही नव्याने तपासलेलं नसतं, मागच्या निवेदनातलं वाक्य उचलून ठेवलेलं असतं. तिथे ‘पुनरुच्चार’ लिहिलात तर माझी हरकत नाही, उलट तोच जास्त खरा. बातमीच्या मथळ्यात जागा कमी असते, तिथेही चालून जातो. भाषण करणारा एकाच दमात दोन्ही क्रियापदं वापरतो तेव्हाही फरक काढत बसू नका.

तुम्ही विचारलेलं वाक्य होतं, ‘आय रिअफर्म अबाउट माय बिलीफ इन नॉन-व्हायोलन्स’. ‘अबाउट’ काढा, बाकी बरोबर आहे. पण हे निबंधाचं पहिलंच वाक्य असेल तर ‘री’ही काढा.