बायोटेकचं नवं संशोधन बातमीपुरतंच असतं का?

तुमची मुलगी बारावीला आहे, तिला बायोटेक घ्यायचंय, आणि 'प्लास्टिक खाणारे जिवाणू', 'कॅन्सरवर नवी थेरपी' या बातम्यांचं पुढे काही होतं का, असं तुम्ही विचारलंय. एम.एस्सी. नंतर सहा वर्षं मी पेशी वाढवण्याचं काम केलंय, तेव्हा तिथून जसं दिसतं तसं सांगते.

प्लास्टिक खाणारा जिवाणू खरा आहे. जपानच्या साकाई शहरात बाटल्यांच्या रिसायकलिंग केंद्राजवळ सापडला, २०१६ मध्ये शोधनिबंध आला. पण पेटची (बाटल्या ज्या प्लास्टिकच्या असतात, त्याची) पातळ फिल्म फस्त करायला त्याला ३० अंशांवर सहा आठवडे लागले, आणि प्रत्यक्ष बाटलीतलं पेट त्याहून पचायला जड. पुढे २०२० मध्ये फ्रान्समध्ये एक वेगळं एन्झाइम (रेणू मोडणारं प्रथिन) सुधारून १० तासांत ९० टक्के पेट मोडून दाखवलं, तेही ७२ अंशांवर, बंद टाकीत. म्हणजे हे कारखान्याचं काम. मुठा नदीत जिवाणू ओतून ती साफ होईल, ही आशा सोडा.

कॅन्सरचं मात्र आपल्या दाराशी घडलंय. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेल्या नेक्सकार१९ या कार-टी थेरपीला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढायच्या, निकामी केलेल्या विषाणूकरवी त्यांच्यात एक जीन घालायचा, म्हणजे त्यांना रक्ताच्या काही कॅन्सरांमधल्या पेशींवरची सीडी१९ ही खूण ओळखता येते. मग त्या वाढवून परत त्याच रुग्णाला द्यायच्या. चाचण्यांत सुमारे ७३ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. हे सगळे दुसऱ्या उपचारांना दाद न दिलेले रुग्ण होते, म्हणून हा आकडा मला मोठा वाटतो. किंमत अमेरिकेतल्या थेरपीच्या साधारण दहावा हिस्सा, तरीही लाखांत.

इतकी महाग का? सकाळी इन्क्युबेटर (पेशी वाढवायची उबदार पेटी) उघडावा आणि फ्लास्कमधलं पेशींना पोसणारं गुलाबी द्रव पिवळं, गढूळ झालेलं दिसावं, हा अनुभव आमच्यातल्या प्रत्येकाला आहे. रात्रीत कुठलासा जिवाणू शिरलेला असतो. माझ्या हातून असं झालं तेव्हा तीन आठवड्यांचं काम सिंकमध्ये गेलं, बस्स. कार-टीत तर पिशवीत एका रुग्णाच्याच पेशी असतात. गोळ्यांसारखा हजारोंचा लॉट निघत नाही. प्रत्येक रुग्णासाठी वेगळी बॅच, वेगळ्या तपासण्या.

नॅनोचं थोडक्यात: कोविडच्या एमआरएनए लशी तुम्हाला ठाऊक आहेत. एमआरएनए हा नाजूक रेणू पेशीपर्यंत पोचला तो चरबीच्या अतिसूक्ष्म थेंबात बसून. ते नॅनोतंत्रच.

पिकांबद्दल मी जरा सावध आहे. मे २०२५ मध्ये जीन-संपादित (स्वतःच्याच जीनमध्ये नेमका बदल केलेल्या) भाताचे दोन वाण जाहीर झाले. त्यातला हैदराबादचा 'कमला' सांबा मसुरीपासून केलेला, बाहेरचा जीन न घालता, आणि सुमारे २० दिवस आधी तयार होतो असं सांगतात. होतही असेल. पण शेतातली दोन-चार सालं बघितल्याशिवाय मी टाळ्या वाजवणार नाही. बीटी कापूस २००२ मध्ये आला आणि गुलाबी बोंडअळीनं तो कसा पचवला, हे विदर्भात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मुलीला जरूर घेऊ द्या. फक्त कॉलेज बघायला जाल तेव्हा लॅबमधल्या मुलांना बाजूला घेऊन विचारा, सेल कल्चर, म्हणजे पेशी वाढवण्याचं काम, स्वतःच्या हातानं आठवड्यातून किती तास करायला मिळतं. माझ्या पदवीच्या तीन वर्षांत लॅमिनार फ्लोला (जंतुविरहित हवेत काम करायच्या टेबलाला) कायम कुलूप होतं आणि किल्ली सरांच्या खिशात.