विणायचे आणि उसवायचे : घरी काम करणाऱ्या एका कला-विद्यार्थिनीची अडचण

‘घरी तासन्‌तास बसते, हात थांबत नाहीत, तरी काम पुढे सरकत नाही, म्हणजे हा विषय माझ्यासाठी नाहीच, असे समजायचे का?’ लोकर, सूत, दोर, कापड अशा तंतूंमध्ये काम करणाऱ्या कला-विद्यार्थ्यांकडून हा प्रश्न मला समुपदेशनात वेगवेगळ्या शब्दांत वारंवार ऐकायला मिळतो. त्यांपैकी एका मुलीचा अनुभव येथे मांडते. तिला आपण रेवा म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

रेवा अभ्यासक्रमाचा भाग म्हणून घरी, खिळे ठोकलेल्या लाकडी चौकटीवर, टॅपेस्ट्री म्हणजे रंगीत धाग्यांचे विणलेले चित्र विणत होती. दिवसा घरच्यांच्या वर्दळीत रेखाटने करायची, रंग ठरवायचे आणि सगळे झोपल्यावर निवांतपणे विणायचे, असा तिचा क्रम होता. रात्री विणलेले सकाळी तिला पटत नसे आणि ती ते उसवून टाकी. ‘मी आळशी आहे’ हे तिचे स्वतःबद्दलचे निदान होते. त्यात आईचे एक वाक्य तिच्या मनाला फार लागले होते : ‘सारखी विणतच तर असतेस, मग होत का नाही?’

तिची झोप, भूक आणि मैत्रिणींत मिसळणे यांबद्दल मी आधी विचारून घेतले. ती थकलेली होती, पण कामातला तिचा रस टिकून होता. नैराश्याची लक्षणे दिसली असती तर उपचारांची दिशा वेगळी ठेवावी लागली असती. येथे तशी गरज नव्हती. पुढच्या भेटीला मी तिला चौकट घेऊन यायला सांगितले.

त्या चौकटीने बरेच काही सांगितले. खालचा भाग सुबक होता, पण त्याच्या वर ताण्याचे, म्हणजे चौकटीवर उभे ताणलेले, सुती धागे पिंजल्यासारखे झाले होते, कारण तेथे बाणा, म्हणजे त्यांतून आडवा विणला जाणारा धागा, पुन्हा पुन्हा भरून काढला गेला होता. दोन्ही काठ हळूहळू आत ओढले गेले होते. हा दोष तिने कधीच उसवला नव्हता. उसवले ते फक्त रंग. रात्री पिवळसर दिव्याखाली निळा आणि करडा हे रंग मळकट दिसत, म्हणून ती अधिक उजळ छटा घेई. तीच छटा सकाळच्या उजेडात भडक वाटे. ज्याला ती स्वतःच्या निर्णयशक्तीचा दोष मानत होती, त्यातला बराचसा भाग दिव्याचा होता.

तरीही केवळ दिवा बदलून हा प्रश्न सुटला नसता, कारण माझ्या मते त्याचे मूळ या माध्यमाच्या स्वभावात आहे. भाजलेली माती पुन्हा मऊ होत नाही, कागदावर उतरलेला जलरंग सहजासहजी पुसता येत नाही. तेथे माध्यमच विद्यार्थ्याला ‘आता पुढे चल’ असे सांगते. विणकाम मात्र जवळजवळ शेवटपर्यंत उलगडता येते, त्यामुळे साशंक मनाला शंका संपवण्याची सक्तीच उरत नाही. उसवताना हात चालू असतात, म्हणून आपण मेहनत करत आहोत असे वाटते, आणि निर्णय मात्र लांबणीवर पडत राहतो. असे विद्यार्थी मला आळशी कधीच वाटलेले नाहीत. उलट त्यांना थोडे कमी राबायला शिकवावे लागते.

आम्ही तिच्या दिवसाची उलटापालट केली. या कामाचे दोन भाग असतात : ताणा चढवणे, रंग निवडणे, आकाराची कड कोठे वळवायची हे ठरवणे, यांसाठी सलग एकाग्रता लागते, ठरलेला पट्टा भरत जाणे हे मात्र कोणी हाक मारली तरी सोडता येते आणि पुन्हा धरता येते. रेवा वर्दळीत निर्णय घेत होती आणि मिळालेली शांतता हातकामावर खर्च करत होती. आता ती सकाळच्या उजेडात छटा ठरवून धाग्यांचे तुकडे एका पुठ्ठ्याला क्रमाने बांधून ठेवू लागली आणि संध्याकाळी, सगळ्यांमध्ये बसून, त्या क्रमाने फक्त विणू लागली. उसवण्याचा नियमही ठरला : ताण्याचा धागा सुटला किंवा काठ ओढला गेला तर लगेच उसवायचे, रंग पटला नाही तर छायाचित्र काढायचे आणि पुढचा पट्टा भरून झाल्यावरच त्याचा विचार करायचा, कारण शेजारचा रंग आल्याशिवाय कोणताही रंग खऱ्या अर्थाने दिसत नाही. काठांसाठी तिच्या शिक्षिकेने बाणा ताणून न भरता कमानीसारखा सैल टाकून मग फणीने खाली बसवायला सांगितले.

आईशी मी रेवाच्या संमतीने बोलले. त्या रागावलेल्या नव्हत्या, गोंधळलेल्या होत्या; त्यांच्या डोळ्यांसमोर विणकाम म्हणजे हातातला विरंगुळा होता. हा समज काही त्यांच्या एकट्यांचा नाही. जर्मनीतल्या बाउहाउससारख्या नव्या विचारांच्या कलाशाळेतही स्त्रियांना प्रामुख्याने विणकाम विभागाकडे वळवले जाई. १९२२ मध्ये तेथे दाखल झालेल्या अ‍ॅनी अल्बर्स यांनाही सुरुवातीला धागा नकोच होता. पुढे १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन भरले. वाखाच्या दोरांना गाठी मारून माणसापेक्षा उंच शिल्पे घडवणाऱ्या मृणालिनी मुखर्जी यांच्या कामाची छायाचित्रे रेवाने स्वतःच आईला दाखवली. मोठ्या नावांचा दाखला देऊन घरातला वाद मिटतो असा माझा अनुभव नाही, पण यानंतर आईचा प्रश्न ‘होत का नाही?’ ऐवजी ‘आज कोठपर्यंत आले?’ असा झाला, आणि त्याला रेवाकडे उत्तर होते.

आकाराबद्दलही बोलावे लागले. घरी काम करायचे तर ते लहानच असावे असे नाही, पण तंतुकलाकार शीला हिक्स यांनी हातात मावणाऱ्या चौकटीवर आयुष्यभर छोटी विणकामे केली आहेत, आणि ती मोठ्या कामाची कच्ची टिपणे नसून स्वतंत्र कलाकृती मानली जातात. रेवाने मूळ आराखडा कमी करून वरचा भाग गाळला. मूल्यमापनात त्याबद्दल प्रश्न आला आणि गुणही तिच्या अपेक्षेइतके मिळाले नाहीत. काठ मात्र सरळ होते.

विषय सोडावा की नाही, या प्रश्नावर मी तिला मत दिले नाही. अर्धे काम चौकटीवर असताना हा निर्णय घेऊ नये, एवढाच आग्रह धरला, कारण त्या अवस्थेत माणूस विषयाला नव्हे, थकव्याला उत्तर देत असतो. विणकाम चौकटीवरून उतरवल्यावर तिने पुढच्या सत्रासाठी हाच विषय पुन्हा घेतला; उसवण्याची ओढ अजून आहे, असे तिने मला कळवले आहे.